नोटिशीचं पान

लातूर ते औसा वीस किलोमीटर. सतरा वर्षं झाली, मी ते रोज दोनदा कापतो. आमच्याकडे याला अप-डाऊन म्हणतात आणि सोयरीक जुळवतानासुद्धा विचारतात की मुलगा नोकरीच्या गावी राहतो की अप-डाऊन करतो. मी औशाच्या एका शाळेत क्लार्क आहे. बिऱ्हाड लातूरला, कारण मुलांची कॉलेजं आणि क्लास लातूरला. क्लार्क असल्यामुळे मला एक खोड आहे. कुठलाही कागद हातात आला की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. निदान माझी स्वतःबद्दल अशी समजूत होती.

आमच्या बसच्या वेळेला लातूरच्या स्टँडवर एक चाचा फुकटचा पेपर वाटायचे. चार पानांचा पेपर. नांदेडला छापून रात्रीच्या गाडीने त्याचा गठ्ठा यायचा आणि चाचा तो सायकलच्या कॅरिअरवर ठेवून फलाटाशी उभे राहायचे. पहिल्या पानावर अर्ध्या भागात क्लासच्या जाहिराती, परीक्षेत चमकलेल्या पोरापोरींचे पासपोर्ट फोटो. उरलेल्या अर्ध्यात पाणी, खड्डे आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस. चाचांचा एक नियम होता, एका बाकड्याला एकच पेपर. कुणी दोन मागितले तर म्हणायचे, "फुकट हाय म्हनून उकिरड्यावर टाकायचा का, साहेब? तिघांत एक वाचा. प्रेम वाढतंय."

या नियमामुळे बसमध्ये पेपर फाडायची रीत पडली. मधल्या घडीवर उभा फाडला की त्याची दोन पानं व्हायची. माझ्या शेजारी बसणारे गुरुजी बुधोड्याच्या शाळेवर होते. पुढचं पान त्यांचं, कारण राजकारणाशिवाय त्यांचा चहा पचत नसे. मागचं पान माझं. समोरच्या बाकड्यावर खिडकीशी सिस्टर बसायच्या. औशाच्या पुढे एका खेड्यात आरोग्य उपकेंद्र आहे, तिथल्या त्या नर्स. त्यांना दोन्ही पानं उलटून मिळायची, पण त्यांना वाचण्यापेक्षा ऐकायला आवडे. मान वळवून त्या आमचं वाचन ऐकत आणि भविष्य मात्र स्वतः वाचत. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना नावाने कधी हाक मारली नाही. गुरुजी, सिस्टर, आणि मी नुसता सर. क्लार्कला सर म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे.

मागच्या पानावर जाहीर नोटिसा असत. कुणी शेत किंवा प्लॉट विकत घेणार असला की त्याचा वकील पेपरात नोटीस देतो, अमुक गावच्या अमुक गटातली जमीन माझे पक्षकार घेत आहेत, कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा, नाहीतर कुणाचा हक्क नाही असं समजू. मोठ्या पेपरात अशी नोटीस द्यायला खर्च येतो आणि ती चार लोकांच्या नजरेलाही पडते. ज्याला कायद्याचं तोंड बंद करायचं असतं, पण भाऊबंदांच्या कानावर जाऊ द्यायचं नसतं, तो नोटीस आमच्या फुकटच्या पेपरात देतो. हे माझ्या पहिल्या वर्षीच लक्षात आलं आणि मी त्या नोटिसा मोठ्याने वाचायला लागलो. मौजे लामजना. मौजे भादा. मौजे बेलकुंड. नाव आलं की त्या गावचा कुणीतरी मागून ओरडायचा, "गट नंबर काय म्हणले?"

एकदा एक पागोटेवाला बाबा असाच मागून उठून आला. त्याच्या सामाईक विहिरीचा गट पुतण्याने परस्पर विकायला काढला होता. बाबाने माझ्या हातून पान घेतलं, वाचता येत नसल्यामुळे ते नुसतंच बघितलं, परत दिलं आणि वाटेतल्या पेठ गावाला उतरून उलट्या गाडीने लातूरला वकिलाकडे गेला. महिनाभराने तो स्टँडवर पेढे घेऊन उभा होता. त्या पेढ्यांनी माझं डोकं बिघडवलं, असं आज वाटतं. बसचा सगळा भार आपल्याच वाचनावर चालला आहे अशी मला धुंदी चढली होती.

मग ते सगळं विटत गेलं. कधी, ते नेमकं सांगता येत नाही. कोरोनात पेपर बंद होता, तो परत सुरू झाला तेव्हा रोजच्याऐवजी सोमवार-गुरुवारच यायला लागला. बायकांना अर्धं तिकीट झालं, बसमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि ज्यांना जागा मिळाली त्यांच्या माना मोबाइलमध्ये गेल्या. गुरुजी रिटायर झाले. त्यांच्या जागी एक तरुण मास्तर बसतात, त्यांच्या कानात सदा ते पांढरं बटण. चाचांचा नियम त्यांनी स्वतःच मोडला. आता ते म्हणायचे, "साहेब, दोन घ्या, चार घ्या. पहिलं लोक हात पुढं करत होते, आता मलाच हात पुढं करावा लागून राहिला." लोक पेपर घेत, ओल्या बाकड्यावर अंथरून त्यावर बसत आणि उतरताना तसाच सोडून जात. मी पण घेत असे. चाचांना नाही कसं म्हणायचं म्हणून घ्यायचा, न उघडता पिशवीत टाकायचा आणि शाळेच्या कपाटात ठेवायचा, डब्याखाली अंथरायला बरा. बसमध्ये मी देवणी बैलांचे व्हिडिओ बघतो. माझ्या सात पिढ्यांत कुणाच्या दावणीला देवणी नव्हता आणि माझ्याकडे तर गोठाच नाही, तरी प्रदर्शनातला वळू कसा चालतो ते मी लातूर ते औसा तोंड उघडं टाकून बघत असतो.

तरी सिस्टर नोटिशीचं विचारायच्या. त्याला कारण होतं. त्यांचे वडील चार वर्षांपूर्वी गेले. रान भावाकडे, पण सात-बाऱ्यावर बहीण-भाऊ दोघांची नावं लागली. भाऊ म्हणायचा, पीकविमा म्हण, अनुदान म्हण, दर कागदाला तुझी सही लागती, दर वेळी तुला कुठं बोलवत बसू, हक्कसोड करून दे म्हणजे मी मोकळा. हक्कसोड म्हणजे बहिणीने आपल्या हिश्श्यावरून हात उचलायचा. आमच्याकडे बहुतेक बहिणी ती देतात, कारण माहेर तुटू नये. सिस्टरांचाही विरोध नव्हता. पण रान रस्त्यालगत होतं आणि एक प्लॉटिंगवाला दोनदा येऊन बांध बघून गेल्याचं त्यांना शेजारणीने सांगितलं होतं.

"सर, मला त्यातलं ढेकूळसुदिक नको," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "त्यो पिकवनार असंल तर आत्ता सही देते. पर इकनार असंल तर न्हाई. माझ्या बापानं त्या रानात दगडं येचून येचून पाठ वाकवली. तिथं प्लॉट पडल्यालं मला बघवनार न्हाई. भाऊ म्हनतोय, इकत न्हाई. मी कसं वळखावं?"

आणि मी, पेढे खाल्लेला माणूस, छाती पुढे काढून म्हणालो होतो, "सिस्टर, ओळखायचं एकच. विकायचं असेल तर घेणाऱ्याचा वकील नोटीस देणारच, आणि तुमच्या भागातल्या नोटिसा याच पेपरात येतात. आली की मी सांगतो. तोवर निर्धास्त राहा."

त्यानंतर दर सोमवारी आणि गुरुवारी, बस स्टँडमधून बाहेर वळली की त्या मान वळवायच्या आणि विचारायच्या, "आमच्या गावचं काय हाय का, सर?" पहिले काही महिने मी खरंच पान उघडून बघायचो. नंतर नुसती नजर फिरवायचो. नंतर नंतर पेपर पिशवीतच राहायचा. जे महिनोन्‌महिने आलं नाही ते आज कशाला येईल, असा माझा हिशोब होता. श्रावण लागायच्या सुमाराला असाच एक सोमवार आला. मी मोबाइलवर होतो. त्यांनी विचारलं. मी मान वर न करता म्हणालो, "काही नाही." गुरुवारी तेच, पुढच्या सोमवारी तेच. बुधवारपासून सिस्टर बसमध्ये दिसल्या नाहीत. पंचमी होती, माहेरी गेल्या असतील, असं मनाशी म्हणून मी परत बैलांकडे वळलो.

शनिवारी सकाळची शाळा. रात्री पाऊस झोडपून गेला होता, ऑफिसच्या खिडकीतून पाणी आत आलं आणि दाखल-खारीजचं जुनं रजिस्टर खालून भिजलं. मी कपाटातले पेपर काढले, टेबलभर अंथरले आणि रजिस्टर उपडं ठेवायला गेलो, तेवढ्यात शेंगदाण्याच्या चटणीचा डाग पडलेल्या एका पानावर मला सिस्टरांच्या माहेरच्या गावाचं नाव दिसलं.

मी रजिस्टर हातात तसंच धरून वाचलं. तमाम जनतेस कळविण्यात येते की. गट नंबर होता, चतुःसीमा होत्या, भावाचं नाव होतं. आणि खाली लिहिलं होतं की सातबारावरील सहहिस्सेदार बहिणीचे हक्कसोडपत्र करून घेऊन देण्याचे लिहून देणार (विक्रेते) यांनी कबूल केले आहे. सबब कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत. वर तारीख होती. मागच्या आठवड्यातल्या सोमवारची.

बोटांवर मोजलं. बारा दिवस झाले होते. तीन उरले होते, त्यात एक रविवार. पण मी परत परत वाचत होतो ती तारीख नाही, ती हक्कसोडीची ओळ. सही अजून व्हायची होती, आणि जिची सही हवी ती पंचमीला त्याच भावाच्या घरी गेली होती. हरकतीसाठी तीन दिवस होते, सहीसाठी पाच मिनिटं पुरतात. शनिवारी रजिस्ट्री ऑफिस बंद, म्हणजे सोमवारच्या आत काही होत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग आठवलं की शुक्रवार होऊन गेला आहे.

फोन करावा तर नंबर कुठे होता? सतरा वर्षांतली निदान बारा वर्षं मी त्या बाईंच्या पाठीमागच्या बाकड्यावर बसलो, त्यांच्या बापाच्या रानाचा गट नंबर मला पाठ होता, आणि त्यांचा मोबाइल नंबर नव्हता. आमच्याकडे बसमधल्या बाईला नंबर मागत नाहीत. मागितला तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बसला कळतं. मुख्याध्यापकांकडे लवकर सुटी मागायला गेलो. काय सांगू, बसमधल्या एका बाईच्या शेताची नोटीस सापडली? ते म्हणाले, पोर्टलवरची माहिती आज भरायचीच आहे. मी भरली. तीन मुलांची जन्मतारीख एकच टाकली, ते सोमवारी उघडकीला आलं.

साडेअकराला शाळा सुटली. मी लातूरची बस सोडून उलट्या बाजूच्या काळी-पिवळीत बसलो. जीप भरल्याशिवाय निघेना. ड्रायव्हर "दोनच सीट, दोनच सीट" करत होता आणि मी खिशातल्या त्या घडी केलेल्या पानावर हात ठेवून बसलो होतो. मनात एकच जप, सही झाली नसू दे. मी देवाला फारसा त्रास देत नाही. त्या दिवशी कुलदैवतापासून सुरुवात करून वाटेत दिसलेल्या शेंदूर फासलेल्या दगडापर्यंत कुणालाच सोडलं नाही.

उपकेंद्राला कडी होती. भिंतीवर पाटी रंगवलेली, खाली मोबाइल नंबर. लावला, तर कुणीतरी बाप्या उचलून म्हणाला की हा तिथल्या दुसऱ्या सिस्टरचा नंबर होता, ती बदलून गेली, आता तो माझा आहे, आणि दोन वर्षं झाली मी लोकांना हेच सांगतोय. समोरच्या ओट्यावर आशाताई गव्हातले खडे निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"सिस्टर न्हाईत. पंचमीला भावानं नेलंय. सोमवारी येतेत."

"फार निकडीचं काम आहे. नंबर मिळेल?"

"तुमी कोन त्येंचे?"

"बसमधला," म्हणालो. आशाताईंना हे पुरेसं वाटलं नसावं, पण माझा चेहरा बघून त्यांनी नंबर दिला. वर म्हणाल्या, "यंदा लई मानानं नेलं बगा. हरसाली यष्टीनं जातेत. यंदा भाऊ गाडी करून आला, दारात."

हे ऐकल्यावर तो नंबर लावायला माझं बोट धजेना. गावाबाहेरच्या लिंबाखाली मी कितीतरी वेळ उभा होतो. सही झाली नसेल तर माझ्या फोनमुळे भावाच्या दारात भांडण लागणार. झाली असेल तर फोन करून मी काय देणार आहे? न करता सोमवारपर्यंत गप्प बसलो तर कुणाला कळणार आहे? पेपर कुणीच वाचत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? हा विचार मला आला, हे मी लपवत नाही. त्या विचाराची मला आजही शिसारी येते.

मी खाली बसलो, पान उघडून मांडीवर ठेवलं आणि फोन लावला. पलीकडे पोरींचा गलका होता, झोक्याच्या कड्या कुरकुरत होत्या. मी सांगितलं, बसमधला, शाळेतला क्लार्क.

"सर?" त्यांच्या आवाजात हसू होतं. "तुमी कसं काय?"

"सिस्टर, एक विचारायचं होतं. हक्कसोडीच्या कागदावर सही केली का तुम्ही?"

"हाव की. कालच. औशाला नेलं हुतं भावानं. खुशीनं दिली, सर. म्हनलं, पिकवनारा त्यो हाय, मी कशाला आडवी येऊ. साडी घेतली त्येनं मला, हाटेलात जेवू घातलं. का वो?"

मी सांगितलं. नोटीस आली आहे, गट नंबर तोच, भाऊ विकतो आहे. आधी गलका ऐकू येत राहिला, मग तो लांब गेला. त्या घराबाहेर आल्या असाव्यात.

"पलाटवाल्याला?" त्यांनी विचारलं.

"हो."

मी घाईघाईने कायदा सांगायला लागलो, फसवून घेतलेली सही रद्द करता येते, मुदतीत वकिलाला लेखी हरकत देता येते, दिवाणी कोर्टात मनाई मागता येते. वरातीमागून घोडं कसं पळतं ते मला माझ्याच आवाजात ऐकू येत होतं.

"भावाला कोर्टात वढू?" त्या हळूच म्हणाल्या. "आन् मग पुढल्या पंचमीला कुनाच्या दारात येऊ, सर?"

आत कुणीतरी त्यांना हाक मारली, बहुधा वहिनी, आणि त्यांनी "आले आले" म्हणून उत्तर दिलं, अगदी नेहमीच्या आवाजात. मग परत फोनवर आल्या.

"सर, मी त्येच्या गाडीत बसायच्या आधी लई इचार केला हुता. म्हनलं, सरांनी सोमवारपतुर काय न्हाई म्हनून सांगितलंय. म्हंजे भाऊ खरं बोलतोय. तेवढ्यावरच गेले मी. नोटीस गुरुवारच्या पेपरात आली असंल. मी हिकडं आल्यावर. न्हाई का?"

पान माझ्या मांडीवर होतं. तारीख चटणीच्या डागाच्या वर, स्वच्छ दिसत होती.

"हो," मी म्हणालो. "गुरुवारीच आली."

"मग तुमचा काय दोष, सर," त्या म्हणाल्या. "तुमी तर रोज बघत हुता."